पंख झाकण्याआधी

न्यूनेन, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अदू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. माझा फोन शेडमध्ये काँक्रीटवर आपटला आणि फुटला. प्रसन्न म्हणतो, एवढ्यात दुसरा कशाला, माझा आहे की. लॅपटॉपही त्याच्याच ताब्यात असतो, विमानाची सगळी ड्रॉइंग्ज त्यात आहेत. म्हटलं, धाकट्या भावाला हातानेच लिहू. तू डेल्फ्टला पीएचडी करतोस, एवढं मराठी वाचता येत असेल अजून.

तुझ्या दाजींचं विमान आता ओळखू येणार नाही तुला. गेल्या उन्हाळ्यात तू आलास तेव्हा निदान जुनं दोन सीटचं शिकाऊ विमान होतं ते. आता सगळं सोलून सांगाडा उरलाय. एकाच सीटचं स्पोर्ट विमान करायचंय, कोलांट्या मारणारं. पंख आखूड केले, त्यांचे लाकडी कणे नवे, बरगड्या नव्या, शेपटी नवी. निम्म्याहून जास्त विमान आपल्या हातांनी नव्याने केलं तरच कागदोपत्री ते घरी बांधलेलं ठरतं. त्यामुळे हात लागतात, आणि माझे हात रिकामेच आहेत. इंजिन जर्मनीला गेलंय, उघडून नवं करून जूनमध्ये येईल. तोवर नाकाच्या जागी नुसतं भोक.

परवा रडरवर, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूवर, कापड चढवून टाके घातले. तुला माहीतच आहे, उभ्या सांगाड्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो, मध्ये ताणलेलं कापड. दाभण इकडून तिकडे, तिकडून इकडे. एकमेकांचं तोंड दिसत नाही. माझा तळहात कापडावर टेकलेला होता आणि त्याचा दाभण आला तो आरपार. ‘हात काढ’ म्हणाला होता म्हणे, मला ऐकू आलं नाही. नव्या पांढऱ्या कापडावर रक्ताचा डाग पडला आणि ते सगळं उसवून पुन्हा करावं लागलं. धांदरटपणा माझाच.

उत्तर शेजारच्या विलमीनच्या पत्त्यावर पाठव. आमच्या पेटीत जाहिराती फार येतात.

तुझी,
सुमेधाताई


डेल्फ्ट, १४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पोस्टाचं पत्र! माझ्या घरमालकाने ते दोन बोटांत धरून आणून दिलं, जणू कोर्टाची नोटीसच आहे.

हात बरा आहे का? दाभण गंजका नव्हता ना? हाउसआर्ट्सला, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला, दाखव, धनुर्वाताचं इंजेक्शन घे. आणि जरा कान उघडे ठेव. टाके घालणं म्हणजे तुझं भरतकाम नाही, समोरच्याने सांगितलं की हात काढायचा. गेल्या उन्हाळ्यात जुन्या पंखाच्या डागडुजीत मीही दाजींबरोबर दोन बरगड्या शिवल्या. प्रत्येक टाक्याला आधी सांगतात, मग थांबतात, मगच घालतात. इतका शिस्तीचा माणूस मी आमच्या लॅबमध्ये पाहिला नाही. माझे प्रोफेसर त्यांना भेटले तर मला काढून त्यांना ठेवतील.

तुम्ही दोघं मिळून विमान बांधताय याचा मला खरंच हेवा वाटतो. माझी पंखाची पट्टी गेला महिनाभर मशीनमध्ये वाकतेय, मोडायचं नाव घेत नाही. ईस्टरला येतोच, आणि पहिल्या उड्डाणाला तर मी हजर. दाजींना सांग, कोलांट्या मारताना खाली बघू नका, तुमची बायको दाभण घेऊन उभी असेल.

विलमीनचा पत्ता कशाला ते कळलं नाही. जाहिराती तर माझ्याही पेटीत येतात.

तुझा,
अद्वय


न्यूनेन, १६ मार्च

अदू,

डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षर असं. उजवा प्लास्टरमध्ये आहे. प्रोपेलर हाताने फिरवत होते, तो उलटा झटकला आणि मनगटाच्या वर बसला. दोन्ही हाडं मोडली. प्रसन्नने स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलला नेलं, डॉक्टरांना सगळं त्यानेच समजावून सांगितलं. आता बरी आहे. बोटं हलतात.

तू ईस्टरला येतो म्हणाला होतास. नको येऊस. घरात पसारा आहे आणि प्रसन्न सध्या कामाने तापलेला असतो, पाहुणे आले की जास्तच. भांडी, खुर्च्या, जे हाताशी येईल त्याच्यावर राग निघतो.

जास्त लिहवत नाही.

ताई


डेल्फ्ट, २० मार्च

ताई,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला फक्त एवढंच सांग, प्रोपेलर कशावर होता?

फेब्रुवारीत तूच लिहिलं होतंस की इंजिन जर्मनीत आहे आणि जूनमध्ये येणार. इंजिनात आग पेटते, म्हणून प्रोपेलर उलटा झटका देतो. इंजिनच नसेल तर तो भिंतीला टेकवून ठेवलेला दांडा आहे, कुणाला मारायला उठत नाही. डॉक्टरला हे कळणार नाही. मला कळतं, कारण मी रोज हेच खातो आणि हेच पितो.

आणि मग मी दाभणाचं पत्र काढलं. जो माणूस प्रत्येक टाक्याआधी सांगतो आणि थांबतो, त्याचा दाभण तळहातातून आरपार जातो? मी त्यावर विनोद केले. मला आत्ता स्वतःची शिसारी येतेय.

खरं लिही. नाही लिहिलंस तर मी पुढच्या गाडीने निघतो.

अद्वय


न्यूनेन, २४ मार्च

अदू,

तू येऊ नयेस म्हणून लिहितेय.

‘हात काढ’ असं तो म्हणाला नव्हता. ‘हात तिथेच ठेव’ म्हणाला होता. मी ठेवला. काढला असता तर काय झालं असतं ते मला माहीत होतं, म्हणून ठेवला. मग कापडाच्या पलीकडून, शांतपणे, त्याने दाभण दाबला. टाके वाकडे जात होते म्हणून.

हाताचं असं झालं. एका बरगडीला गोंद कमी लागलाय असं त्याला वाटलं. त्याने माझा हात बाकड्याच्या कडेवर आडवा धरला आणि वर गुडघा टेकवून सगळं वजन दिलं. आवाज बरगडी मोडल्यासारखा आला. मला वाटलं विमानाचीच मोडली, आणि अदू, मला आधी त्याचीच भीती वाटली. प्रोपेलरची गोष्ट त्याने गाडीत रचली आणि माझ्याकडून पाठ करून घेतली. इंजिन नाही हे तुला मी आधीच कळवलंय, हे ती गोष्ट तुला लिहिताना माझ्या लक्षात होतं की नाही, ते मला विचारू नकोस. मलाही ठाऊक नाही.

हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून आहे. आधी थप्पड होती, मग पट्टा, मग केस धरून भिंत. विमान आल्यापासून हत्यारं वाढली एवढंच. बाहेर त्याच्यासारखा गोड माणूस नाही. आईबाबांनी नाव ऐकूनच होकार दिला होता, प्रसन्न. माझा इथे राहण्याचा परवाना त्याच्या नोकरीवर आहे आणि माझ्यावर विश्वास ठेवेल असं इथे कुणी नाही. विलमीनला थोडं कळलंय. ती भिंतीपलीकडून ऐकते.

येऊ नकोस. तू आलास तर तो माझ्यावर काढेल. मला विचार करायला वेळ हवाय.

ताई


न्यूनेन, २ एप्रिल

अद्वय,

तुला कोठडीत पत्र मिळतं असं तुझ्या वकीलबाईंनी सांगितलं, म्हणून लिहितेय. लिहायची इच्छा नाही.

मी ‘येऊ नकोस’ असं दोनदा लिहिलं होतं. तू आलास, ना नमस्कार ना चमत्कार, बाकड्यावरची लाकडी मोगरी उचललीस आणि सरळ त्याच्या तोंडावर. नाक फुटलं तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पोटातून आनंद झाला. पण तो खाली पडला, त्याने तोंड झाकलं, तरी तू मारत राहिलास. बरगड्यांवर, पाठीवर, जिथे बसेल तिथे. मी तुझा शर्ट धरून ओढत होते आणि तू मलाच ढकललंस. माझं प्लास्टर दारावर आपटलं. तुझ्या लक्षातही नसेल. तेव्हा तुझं तोंड हुबेहूब त्याच्यासारखं दिसत होतं.

आता काय झालंय ते ऐक. तो घरी सोफ्यावर बसलाय, नाकावर पट्टी, छातीला पट्टा. त्याच्या विमान क्लबमधले लोक सूप आणून देतात. वेडा मेहुणा अचानक धावून आला, असं तो सांगतो आणि सगळे हळहळतात. पोलीसबाईंना मी हिंमत करून सांगितलं की माझा हात यानेच मोडलाय. त्यांनी हॉस्पिटलची नोंद बघितली, त्यात प्रोपेलर. त्या वाईट नव्हत्या, पण त्यांच्या समोर मी भावाला वाचवायला खोटं बोलणारी बहीण होते.

तो अजून मला मारत नाही, बरगड्या दुखतात म्हणून. पण परवा सूप पिता पिता म्हणाला, विमान एकदा हवेत जाऊ दे, मग आपण निवांत बोलू. तो हे ज्या आवाजात म्हणाला तो आवाज मी ओळखते. या वेळी हातावर थांबणार नाही.

तू मला सोडवायला आला होतास ना? मग आता सांग, कोण सुटलं?

सुमेधा


८ एप्रिल

ताई,

तुझी माफी मागायला माझ्याकडे तोंड नाही, म्हणून मागत नाही. तुला ढकलल्याचं मला आठवत नाही. त्याचं नाक फुटल्याचा आवाज मात्र आठवतो, आणि तो आठवला की अजूनही बरं वाटतं. हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

इथे पत्रं उघडून बघतात, पण मराठी वाचणारा अजून कुणी सापडलेला नाही. तेव्हा स्पष्ट लिहितो.

शेपटीतले बोल्ट सुटू नयेत म्हणून लावायच्या पिना तूच घालतेस. त्याचे पंजे तिथे आत जात नाहीत, तुझी बोटं जातात. शेवटची तपासणी झाली की कुणी पुन्हा आत डोकावणार नाही. एक पिन काढून घे. फक्त एक. बाकीचं काम त्याची हौस करेल. तो पहिल्याच दिवशी कोलांटी मारणार, त्याला धीर नाही.

तुला काही बघावं लागणार नाही. ताई, तो तुला मारणार आहे. मी इथे पलंगावर पडून छताकडे बघतो आणि मला तू बाकड्यावर दिसतेस. पिन काढ.

अदू


न्यूनेन, १५ एप्रिल

अदू,

काढून बघितली.

त्याच्या डोळ्यांदेखत, भर दुपारी. तो रेडिओ लावून पंखाला पॉलिश पेपर मारत होता. मी शेपटीत डावा हात घातला, पिन सरळ केली, ओढली आणि जीन्सच्या खिशात टाकली. मी भाजी आणायला गेले तेव्हा ती खिशातच होती. आल्बर्ट हाइनमध्ये टोमॅटो निवडताना मला एकदम हसू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा जीव माझ्या खिशात होता. ते सुख फार मोठं आहे, अदू. तुझ्या मोगरीचं सुख मला तिथे समजलं.

मग मी पुढचं डोळ्यांसमोर आणलं. तो पडणार कुठे? खाली गावच आहे, घरं आहेत. आणि समजा शेतात पडला, मग? क्लबच्या भिंतीवर त्याचा फोटो लागेल. केवढा हौशी माणूस, म्हणतील. मी त्या फोटोखाली पांढऱ्या साडीत हात जोडून उभी राहायचं आणि सगळ्यांनी मला थोपटायचं. त्याने काय केलं ते कायमचं त्याच्याबरोबर जळून जाईल. नाही. इतक्या स्वस्तात मी त्याला जाऊ देणार नाही.

पिन परत घातली. नवी घातली, जुनी वाकली होती.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. पंखाला कापड चढवण्याआधी तपासनीस येतो. आत काय आहे ते परक्या माणसाने डोळ्यांनी बघितल्याशिवाय झाकायचं नाही, हा या लोकांचा नियम तुला माहीत आहे. १७ मेला, शनिवारी येणार आहे. प्रसन्नने क्लबच्या मित्रांनाही बोलावलंय, कॉफी आणि चेरीचा व्लाय खायला. पंख उघडे, आडवे, लाकडी घोड्यांवर ठेवलेले असतील. तोपर्यंत माझं प्लास्टर निघालेलं असेल.

पंखाचा लाकडी कणा कुठे कापला, तर तो पुन्हा जोडताच येत नाही?

ताई


२२ एप्रिल

ताई,

पंखाला खालून आधार देणारा तिरका दांडा ज्या पट्ट्यांवर येऊन बसतो, तिथे. सगळा भार तिथे असतो, म्हणून तिथे जोड देता येत नाही. तिथे कापलास तर अख्खा कणा नवा करावा लागतो, म्हणजे अख्खा पंख. लाकूड मऊ आहे. त्याची जपानी करवत असेल तर लोण्यासारखं कापेल.

दोन्ही पंख काप. त्याची वर्षं जातील. तेवढ्यात तू निघून जाऊ शकशील, विलमीनकडे, माझ्या खोलीवर, कुठेही. कळलं मला.

पण ताई, तू हे करशील तेव्हा तो जवळ नसेल ना? तो तपासनीसाला घेऊन बाहेर गेला की कर, आणि सायकल दाराशीच ठेव. तू पळाल्याचं मला कुणीतरी कळवेल अशी व्यवस्था कर. मला इथे काहीच करता येत नाही, नुसते दात खायचे.

अदू


आयंदोव्हन, हॉस्पिटल, २१ मे

प्रिय अदू,

जिवंत आहे. जबडा तारांनी बांधलाय, त्यामुळे नर्सना वाटतं मी फार शांत बाई आहे. सूप नळीने पिते. डावा डोळा उघडायला लागलाय. उजवा हात शाबूत आहे, तो मी पोटाखाली दाबून धरला होता.

शनिवारी सगळे जमले. तपासनीस म्हणजे एक उंच, निवृत्त आजोबा, कपाळावर दिवा आणि हातात दंतवैद्यासारखा छोटा आरसा. बरगडी न् बरगडी आतून बघत होते आणि मान हलवत ‘नेत्येस, नेत्येस’ म्हणत होते, म्हणजे नीटनेटकं. प्रसन्न लाजत हसत होता. मी सगळ्यांना व्लाय कापून दिला. मग त्याची करवत घेतली आणि डाव्या पंखाचा कणा तू सांगितलेल्या जागी कापायला लागले.

पहिले काही क्षण कुणाला कळलंच नाही. त्यांना वाटलं हाही तपासणीचा भाग. लाकूड तुटताना मोठ्याने कडाडलं आणि पंख मधून खाली बसला. मग तो आला.

पहिला ठोसा जबड्यावर. दुसऱ्याने मी पडले. केस धरून त्याने माझं डोकं घोड्याच्या पायावर आपटलं, पुन्हा आपटलं, मग लाथा. मला त्याच्या बुटांची लेस दिसत होती. ते आजोबा आणि बाकीचे कप हातात धरून पुतळ्यासारखे उभे होते. ही माणसं कधी कुणाच्या अंगाला हात लावत नाहीत, त्यांना काय करावं तेच सुचेना. मग कुणाचा तरी कप फुटला आणि ते सगळे म्हातारे एकदम त्याच्या अंगावर पडले. अक्षरशः बसले त्याच्यावर. तोंड जमिनीला टेकलेलं असतानाही तो ओरडत होता, आणि इंग्रजीत ओरडत होता, त्यांना पटवून द्यायला: हिला कितीदा शिकवायचं, हिचा हात मोडला तरी ही सुधारत नाही, तुम्हीच सांगा मी काय करायचं!

तेव्हाच ते सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. माझ्या हाताचं प्लास्टर महिनाभर त्यांनी पाहिलं होतं, प्रोपेलरची गोष्ट त्यांनीही ऐकली होती. त्यातल्या एकाने तर त्यावर फुलं आणून दिली होती. आजोबांनी पंखाकडे बघितलं, विमानाच्या नाकातल्या रिकाम्या भोकाकडे बघितलं आणि कपाळावरचा दिवा विझवला. मग माझ्याजवळ गुडघ्यांवर बसले.

पोलीसबाई त्याच आल्या. त्यांनी माझ्या उशाशी बसून सगळं पहिल्यापासून लिहून घेतलं. प्रत्येकाने साक्ष दिली, विलमीननेही. प्रसन्नला कोठडीत ठेवलंय. परवान्याचं बघणारी एक बाई काल येऊन गेली, मार खाऊन निघालेल्या बाईला इथे राहता येतं म्हणाली. वकीलबाई म्हणतात तुझी शिक्षा कमी होईल. माफ होणार नाही. तू जे केलंस ते केलंसच, आणि त्याचा हिशोब तुला द्यावा लागेल. मी बाहेर तुझी वाट बघेन.

तू विचारलं होतंस, तो जवळ नसेल ना? अदू, तो जवळ असावा म्हणून तर मी इतके दिवस थांबले. कॉफीचा कप देऊन त्याला पंखाच्या दुसऱ्या टोकापाशी उभं केलं, बाकीच्यांना समोर बसवलं, आणि मगच करवत उचलली. तो धावत आला तेव्हा माझ्या पाठीमागे दार उघडं होतं. सायकल दाराशी होती. मी करवत खाली ठेवली आणि तोंड वर केलं.

तुझी,
ताई